सिम्युलेटर क्रेन घडवतो, पण घडायला शिकवत नाही

नागपुरात उन्हाळी शिबिरांमध्ये हल्ली ओरिगामी शिकवताना प्रोजेक्टरवर 'ओरिगामी सिम्युलेटर' हा पडद्यावर कागद दुमडून दाखवणारा प्रोग्राम लावतात. चौकोनी कागद आकसत जातो, क्रेन पक्षी तयार होतो आणि मुलांना सांगतात, "बघा, असा करायचा." असा करायचा नसतो! बर्डीच्या बाजारातून आणलेला घोटीव कागद हातात धरून मुलं नुसती बघत राहतात.

घड्या कागदावर दाखवायच्या दोन पद्धती आहेत. डायग्राम तुम्हाला ठाऊकच आहे: जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावांनी रूढ केलेल्या तुटक रेषा, बाण, एकेक पायरी. क्रीज पॅटर्न म्हणजे पूर्ण झालेला नमुना उलगडल्यावर दिसणारा घड्यांचा नकाशा; सिम्युलेटर चालतो तो यावरूनच. डोंगरघडी (घडीची रेष वर येते ती) लाल, दरीघडी (रेष आत जाते ती) निळी, हे दोन मिनिटांत कळतं.

घोळ होतो तो क्रमाचा. आधी कोणती घडी, नंतर कोणती, हे क्रीज पॅटर्नमध्ये नसतंच. म्हणून सिम्युलेटर सगळ्या रेषा एकदमच थोड्याथोड्या दुमडत नेतो. हाताने क्रेन तसा होत नाही. चौकोनी पाया (कागद दुमडून केलेला सुरुवातीचा छोटा चौकोन) झाला की वरच्या पदराच्या, म्हणजे कागदाच्या वरच्या थराच्या, खालच्या दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणायच्या, वरचा त्रिकोण खाली दुमडायचा, सगळं परत उघडायचं, मग तो एकच पदर उचलून बाजू आत दाबत लांब पाकळी काढायची. ही उघडझाप सिम्युलेटरमध्ये दिसतच नाही.

डायग्रामवरून ॲनिमेशन करायचं तर अडचण उलटी. क्रम आयता मिळतो, पण पदर झाकलेले असतात. क्रेनची मान काढताना बाण एकच, पण टोक दोन पदरांच्या मधून उलटवायचं असतं. बोटांना ते कळतं. प्रोग्रामला मात्र कोणता पदर कशाच्या वर याचा हिशेब ठेवावा लागतो. बाणाचे जेवढे अर्थ निघतील तेवढे घडून पाहायचे आणि पुढच्या चित्राशी जुळेल तो ठेवायचा.

क्रीज पॅटर्नमध्येही पदरांचं कोडं आहेच. दिलेला पॅटर्न सपाट घडेल का, हे ठरवणंच संगणकासाठी किती अवघड आहे ते बर्न आणि हेज या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं.

सिम्युलेटर वाईट नाही. मिउरा घडी, म्हणजे नागमोडी रेषांची नकाशासारखी घडी, खरोखरच सगळी एकदम मिटते. ओरिगामीकार रॉबर्ट लँग यांच्या 'ट्रीमेकर' या क्रीज पॅटर्न काढून देणाऱ्या प्रोग्राममधून निघणाऱ्या पॅटर्नना तर बऱ्याचदा पायऱ्याच नसतात. तिथे तो जरूर लावा. क्रेन किंवा बेडूक शिकवताना मात्र छापील डायग्राम फळ्यावर लावा. ॲनिमेशन हवंच असेल तर दर पायरीला थांबवता येणारं घ्या, आणि घडी घालून परत उघडायच्या पायऱ्या त्यात आहेत का, ते आधी स्वतः कागद घेऊन तपासा.