तीन ठळक रंग एकत्र कसे नांदतात?

कर्नाटकातील इलकल गावावरून नाव पडलेली इरकल साडी सांगली-मिरजेकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नेसली जाते. अंग गर्द हिरवे, काठ लाल आणि लाल पदरावर पांढरी नक्षी, असे तीन जोरकस रंग असूनही अशी इरकल डोळ्यांना खुपत नाही. पोशाख असो, घराची भिंत असो वा दुकानाची पाटी, तीन ठळक रंग निवडताना बहुतेक जण कोणता रंग कोणाला शोभतो एवढेच पाहतात. माझ्या मते प्रत्येक रंग किती जागा व्यापतो, किती उजळ आहे आणि कोणत्या प्रकाशात दिसणार आहे, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

आपल्या दृष्टिपटलात रंग टिपणाऱ्या शंकूपेशींचे तीन प्रकार असतात, पण त्यांचे संदेश मेंदूकडे जसेच्या तसे जात नाहीत. वाटेतच त्यांची तुलना होते: लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा, उजेड विरुद्ध अंधार. विरोधी जोड्यांची ही कल्पना एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात मांडली. त्यामुळे कोणताही रंग आपल्याला एकटा दिसत नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो. पॅरिसच्या गोबलँ या गालिचे व भित्तिपटांच्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा तेथील रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासणी केली. रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा रंग मळकट भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी या परिणामाचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. इरकलीत हाच परिणाम लाभाचा ठरतो, कारण हिरव्या अंगाला भिडलेला काठ अधिक लाल दिसतो आणि पदरातल्या पांढऱ्या नक्षीला आजूबाजूच्या लालीमुळे किंचित थंड छटा येते.

मात्र लाल आणि हिरवा सारख्याच उजळपणाचे असतील, तर त्यांची सीमारेषा अस्थिर, थरथरल्यासारखी भासते. मध्ये पांढरी किंवा पिवळी रेघ आली की ती स्थिरावते. तिसऱ्या रंगाचे खरे काम हेच आहे. तुमच्या तीन रंगांचे मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहा. तिन्ही करडे एकमेकांत मिसळत असतील, तर एखादा रंग अधिक गडद किंवा अधिक उजळ घ्यावा. लाल-हिरव्यातला भेद ज्यांना नीट कळत नाही, त्यांनाही मग पाटी वाचता येते.

प्रकाशाचा भाग तर फारच दुर्लक्षित राहतो. काठाला जुळणारे ब्लाऊजपीस दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत एक वाटते आणि उन्हात वेगळे पडते, कारण दोन्ही कापडांचे रंगद्रव्य वेगळे असते आणि दिव्याच्या प्रकाशात सूर्यप्रकाशातल्या सगळ्या तरंगलांबी सारख्या प्रमाणात नसतात. सांगलीच्या कापड पेठेत कापड दारात नेऊन उजेडात पाहणे म्हणूनच अगदी शास्त्रशुद्ध आहे. तिन्हीसांजेला आणखी एक बदल घडतो. मंद उजेडात शंकूपेशींऐवजी दंडपेशी काम करू लागतात आणि त्यांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही. त्यामुळे लाल काठ काळवंडतो, तेव्हा हिरवे अंग त्यामानाने उजळ दिसते.

घरासाठी ६०-३०-१० टक्क्यांचे प्रमाण सांगितले जाते. तो निसर्गनियम नव्हे, तरी त्यामागचे तत्त्व योग्य आहे: तिन्ही रंगांना सारखी जागा दिली की पार्श्वभूमी कोणती हे नजरेला ठरवता येत नाही. शिवाय छोट्या नमुन्यावर सौम्य वाटणारा रंग संपूर्ण भिंतीवर अधिक तीव्र भासतो, आणि लाल भिंतीवरून परतलेला प्रकाश छतालाही लालसर करतो. म्हणून रंगाचा डबा घेण्यापूर्वी समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारून ते सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावेत.