लेकरू पाच मिनिटांत का उठतं?

वयाला तीनने गुणा, तेवढी मिनिटं मूल एका जागी बसतं, असा हिशोब पालकांच्या ग्रुपवर फिरत असतो. कुणी दोनने गुणतं, कुणी पाचने. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला कुठे आठ मिनिटं येतात, कुठे वीस. सूत्राचा पाया किती कच्चा आहे ते यावरूनच कळतं. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या खेळण्याशी अर्धा तास रमणारं हेच लेकरू ‘ग’ गिरवायला बसवलं की तिसऱ्या ओळीला पाणी मागतं.

खेळणं लक्ष आपणहून ओढून घेतं. गिरवताना मात्र मुलाला स्वतःला आवरावं लागतं, दारावरची हाक ऐकूनही उठायचं नाही. हे काम कपाळामागचा मेंदू करतो आणि त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. मेंदूशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांनी लक्ष देण्यामागे मेंदूतली तीन जाळी मानली. त्यातलं आवर घालणारं जाळं साधारण तीन ते सात या वयात झपाट्याने वाढतं. दुसरीतली ताई अर्धं पान लिहिते म्हणून बालवाडीतल्या धाकट्याला रागावणं म्हणूनच चुकीचं आहे.

हाताचाही विचार करावा. जन्मताना मनगटात हाडं नसतातच, असते ती कूर्चा. तिची एकेक करून हाडं होतात आणि प्राथमिक शाळेची बरीच वर्षं त्यात जातात. पेन्सिल करकचून धरणारं मूल कंटाळलेलं नसून दमलेलं असू शकतं. अशा वेळी तेच अक्षर बोटाने पिठात काढायला सांगावं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, आणि शाळा मराठी. दोन-तीन भाषा कानावर पडणं मुलांना बाधत नाही. पण नवा हिशोब अर्धवट कळणाऱ्या भाषेत समजून घ्यायचा तर डोक्यावर दुहेरी भार पडतो, आणि मूल लवकर थकतं. नवं काही शिकवताना आधी घरच्या भाषेत सांगावं, हे माझं मत.

टीव्हीचं काय? अमेरिकेत २००८ साली एक ते तीन वर्षांच्या मुलांसमोर खेळणी ठेवून मागे मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावला होता. मुलं पडद्याकडे क्वचितच बघत होती, तरी त्यांचा खेळ तुटक झाला आणि एकाग्रतेचे पल्ले आखूड झाले. एका खोलीच्या घरात आजीची मालिका चालू असेल, तर अभ्यासाची वेळ बदललेली बरी. कापड विणणाऱ्या मागाची खटखट एका लयीत असते, तिला कान सरावतात. मालिकेतला आवाज क्षणाक्षणाला बदलतो. (मागाचा आवाज कानांना चांगला, असं मात्र नाही.)

मग किती वेळ बसवावं? माझा अंदाज, चार-पाच वर्षांच्याला पाच ते दहा मिनिटं, पहिली-दुसरीत पंधरा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठच नको म्हटलंय. मिनिटं वाढवण्यापेक्षा ती विखरावीत. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून दाखवलं, की उजळणी काही दिवसांत वाटली तर कमी वेळा करावी लागते. लहान मुलांवरच्या पुढच्या प्रयोगांतही तेच आढळलं. रविवारच्या तासाभराच्या पाढ्यांपेक्षा रोज सकाळची पाच आणि संध्याकाळची पाच मिनिटं भारी पडतात. उन्हाळ्यात पत्र्याखाली पारा चाळिशीपार असताना दुपारच्या बैठकीचा हट्ट नकोच.

अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होऊ लागलं, नजर पाटीवरून आईच्या तोंडाकडे वळली, की थांबायची वेळ झाली. मग बाहेर सोडावं. इलिनॉय विद्यापीठाच्या २००९ च्या प्रयोगात नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी वीस मिनिटं चालून आल्यावर लक्षाच्या चाचणीत जास्त बरोबर उत्तरं दिली. बालवाडीतल्यांना तोच आकडा लावता येणार नाही, पण दोन बैठकांच्या मधे गल्लीत लंगडीचा एक डाव व्हायला काहीच हरकत नाही.