डेल्टातला पट्टेरी बास : मोठा मासा शोधणे आणि गळाला लावणे

पट्टेरी बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा मासा. शास्त्रीय नाव मोरोनी सॅक्सॅटिलिस. रुपेरी अंगावर कल्ल्यांमागून शेपटीपर्यंत गेलेले सात-आठ काळसर पट्टे ही त्याची खूण. समुद्रात आणि निमखाऱ्या पाण्यात वाढायचे आणि अंडी घालायला गोड्या नदीत चढायचे, असा त्याचा आयुष्यक्रम. कॅलिफोर्नियात गळाने मासे धरणारे त्याला ‘स्ट्रायपर’ म्हणतात. सॅक्रॅमेंटो आणि सॅन वाकीन या नद्यांच्या डेल्टात, म्हणजे त्रिभुज प्रदेशात, मोठा स्ट्रायपर शोधणे ही तिथली जुनी आणि अवघड विद्या आहे. गळ टाकायला आठवड्याभरात शिकता येते. मासा आज कुठे असेल हे ओळखायला मात्र वर्षे जातात. म्हणून या नोंदीत शोधण्यालाच जास्त जागा दिली आहे.

हा डेल्टा उलटा आहे. गोदावरीचा किंवा गंगेचा त्रिभुज प्रदेश समुद्राकडे पसरत जातो. हा जमिनीच्या आत पसरला आहे आणि त्याचे सगळे पाणी कार्कीनेझ सामुद्रधुनीच्या अरुंद तोंडातून सॅन फ्रान्सिस्को उपसागरात उतरते. सुमारे 3,000 चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात पन्नासहून अधिक बेटे आहेत. त्यांच्यामधून नद्या, कालवे आणि ‘स्लू’ म्हणजे संथ वाहणारे फाटे यांचे जाळे गेले आहे. एकोणिसाव्या शतकात लव्हाळ्यांच्या दलदलीला बांध घालून शेती काढली गेली आणि त्या बांधांच्या मातीकामात चिनी मजुरांचा मोठा वाटा होता. कोकणातल्या खारजमिनीचे बांध पाहिलेल्या माणसाला हे दृश्य लगेच समजेल : एका बाजूला भरतीचे पाणी, दुसऱ्या बाजूला त्याच्याहून खाली असलेले शेत. पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची जमीन वाळून खचत गेल्याने काही बेटे आज समुद्रसपाटीच्या कित्येक मीटर खाली आहेत. काही बांध फुटले ते फुटलेच. फ्रँक्स ट्रॅक्ट हे 3,000 हून अधिक एकरांचे बेट 1938 पासून पाण्याखाली आहे, मिल्ड्रेड बेट 1983 मध्ये बुडाले. शेतकऱ्याचे नुकसान झाले आणि माशाला घर मिळाले.

मासा इथे रेल्वेने आला. 1879 मध्ये न्यू जर्सीच्या नॅव्हेसिंक नदीतले सव्वाशेच्या आसपास लहान मासे पाण्याच्या पिंपांतून खंड ओलांडून आणले गेले आणि मार्टिनेझजवळ कार्कीनेझच्या पाण्यात सोडले गेले. हे काम लिव्हिंगस्टन स्टोन या मत्स्यसंवर्धकाचे. 1882 मध्ये सुमारे 300 माशांची दुसरी खेप आली. एवढ्याशा बियाण्यावर वीस वर्षांत असे पीक आले, की 1899 मध्ये जाळ्यांनी धरलेल्या माशाचे वजन 12 लाख पौंडांवर, म्हणजे 540 टनांवर गेले. 1935 मध्ये त्याची व्यापारी मासेमारी बंद झाली. तेव्हापासून हा फक्त गळाचा मासा आहे. रिओ व्हिस्टा गावात 1933 पासून त्याच्या नावाने बास डर्बी, म्हणजे मासे धरण्याची स्पर्धा भरते.

आता शोधण्याकडे वळू. पहिला प्रश्न महिन्याचा, आणि महिना म्हणजे खरे तर पाण्याचे तापमान. उन्हाळ्यात बरेचसे मोठे मासे खाली सॅन पाब्लो आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागरात किंवा बाहेर समुद्रकिनाऱ्याला असतात. सप्टेंबरपासून ते सुइसून उपसागरातून वर सरकू लागतात. पाणी 20 अंश सेल्सियसवरून 15 कडे उतरत असते ते दिवस सगळ्यांत चांगले, कारण मासा हिवाळ्यासाठी अधाशासारखा खातो. पाणी 10 अंशांखाली गेले की तो खोलात जड होऊन पडतो आणि आमिष अगदी तोंडाशी हळू नेल्याशिवाय हलत नाही. वसंतात अंडी घालण्याची वेळ येते. सॅन वाकीनचे पाणी आधी तापते, म्हणून अँटिऑक ते व्हेनिस बेट या पट्ट्यात एप्रिलपासूनच हालचाल सुरू होते. सॅक्रॅमेंटो नदीत, सॅक्रॅमेंटो शहर ते कोलूसा या टप्प्यात, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा हा मुख्य काळ. एका मोठ्या मादीभोवती कितीतरी लहान नर गोळा होतात आणि तिन्हीसांजेला पाण्याच्या पृष्ठभागावर अक्षरशः खळबळ उडते. अंडी तळाला चिकटत नाहीत, प्रवाहात तरंगत जातात आणि दोनेक दिवसांत फुटतात. वाहते पाणी नसेल तर ती गाळात बसून मरतात. हे एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजते.

दुसरा प्रश्न भरती-ओहोटीचा. समुद्राची नाडी इथे सॅक्रॅमेंटो शहरापर्यंत पोचते, फक्त गोल्डन गेट या उपसागराच्या समुद्राकडच्या तोंडापेक्षा काही तास उशिरा. त्यामुळे बंदराचे वेळापत्रक पाहून निघालेला नवखा माणूस हमखास चुकतो : त्याने आपल्या जागेची वेळ काढायला हवी. पाणी थांबले की मासा थांबतो आणि पाणी धावू लागले की तो तोंड उघडतो. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात असतो आणि लहान मासे त्यात फरफटत येतात. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत सगळे मंद. मोठा स्ट्रायपर प्रवाहाशी झुंजत बसत नाही. तो प्रवाहाच्या कडेला, कमी जोराच्या पाण्यात उभा राहतो आणि वाहत येणारा घास उचलतो.

फुटलेल्या बांधाचे तोंड हे याचे सर्वांत सुंदर उदाहरण. ओहोटीला बुडालेल्या बेटातले उथळ पाणी या अरुंद फटीतून बाहेर ओढले जाते. त्याबरोबर शॅड नावाची बोटभर लांबीची चांदीसारखी मासळी थव्यांनी बाहेर येते. फटीच्या बाहेर प्रवाहाने खणलेली खोल खळगी असते. वरच्या काठाला पाण्यावर एक स्पष्ट रेघ दिसते, एका बाजूला धावते पाणी आणि दुसऱ्या बाजूला भोवरे. मासा त्या रेघेच्या आतल्या, शांत अंगाला असतो. भरतीला हाच खेळ उलटा होतो आणि बास फटीच्या आतल्या बाजूला जातो. हाच नियम स्लूच्या तोंडाला, बांधाच्या टोकाला, पुलाच्या खांबाला आणि उथळ वाळूपट्टी जिथे एकदम खोलात उतरते त्या कडेला लागू पडतो. शर्मन बेटाभोवतीचे पाणी, सॅन अँड्रियासची उथळे, प्रिझनर्स पॉइंट, रिओ व्हिस्टापासूनची नदी आणि तिथला खोल जहाजकालवा या जुन्या नावाजलेल्या जागा.

पाखरेही खबर देतात. शरदात कुरव आणि सुरय एका जागी घिरट्या घालून सूर मारू लागले, की खालून बासने शॅडला वर रेटले आहे असे समजावे. मात्र उसळणारे बहुतेक मासे लहान असतात. मापात न बसणाऱ्या अशा माशांना तिथे ‘शेकर’ म्हणतात. मोठे मासे त्यांच्या खाली किंवा थोडे बाजूला, एकेकटे किंवा दोन-चार मिळून असतात आणि जखमी होऊन बुडणारी शॅड टिपतात. थवा दिसताच त्याच्या मधोमध गळ फेकण्याचा मोह आवरून खोल कडेला आमिष सोडणाऱ्याला मोठा मासा लागण्याची शक्यता जास्त. आपल्याकडच्या नद्या झाकणारी जलपर्णी डेल्टातही मातली आहे. तिच्या गालिच्याच्या कडेलाही लहान मासळी लपते आणि म्हणून बास घुटमळतो.

पद्धती अनेक आहेत. खोल जाणारी कृत्रिम मासळी दोरीला बांधून चालत्या होडीमागे ओढणे, म्हणजे ट्रोलिंग. कडेवरून जिवंत आमिष वाहवत नेणे. पहाटे आणि संध्याकाळी पृष्ठभागावरचे आमिष उडवणे. पिसांच्या हलक्या कृत्रिम माशीने मासा धरणाऱ्या फ्लाय फिशिंगवाल्यांची तर वेगळीच पंगत आहे. सगळ्यांत सोपी आणि साधनांचा बडेजाव नसलेली पद्धत म्हणजे नांगर टाकून कापलेल्या शॅडवर बसणे. शिशाचे वजन दोरीवर मोकळे सरकते, त्यापुढे दोन-तीन फुटांची जाड तंगूस आणि टोकाला गळ. शॅडचा तुकडा गळावर दोनदा ओवून वर दोरीचा एक फास मारतात, नाहीतर प्रवाह त्याला फिरवतो. मासा तुकडा उचलतो तेव्हा दोरी वजनातून सुटी सरकते आणि त्याला ओढ जाणवत नाही. काठीच्या टोकाला आधी दोन बारीक टकटक येतात. इथेच हात शिवशिवतात आणि इथेच थांबायचे असते. टोक वाकून पाण्याकडे झुकले की मगच काठी उचलायची. कोकणात खाडीवर गरवणाऱ्याला हा संयम वेगळा शिकवावा लागणार नाही.

मोठा मासा म्हणजे जवळजवळ नेहमीच मादी. आपल्या जिताड्यातही मोठ्या माद्याच असतात, पण कारण निराळे : जिताडा आधी नर असतो आणि पुढे मादी होतो, पट्टेरी बासची मादी जन्मापासून मादी असते आणि नरापेक्षा जास्त वाढते. वीस पौंडांची, म्हणजे नऊ किलोची मादी दहा वर्षांच्या आसपासची असते. लहान मादी काही लाख अंडी देते, मोठी कितीतरी अधिक. कॅलिफोर्नियात 1982 पासून डेल्टासाठी किमान लांबी 18 इंच आणि दिवसाला दोन मासे असा नियम राहिला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते मोठी मादी परत सोडणे हाच शहाणपणा. त्याला पोटाचेही कारण आहे. सोन्याच्या खाणकामातला पारा अजून या नद्यांच्या गाळात आहे आणि वय वाढेल तसा तो माशाच्या मांसात साठतो. मूल होण्याच्या वयातील स्त्रिया आणि लहान मुले यांनी हा मासा खाऊ नये असा राज्याचा सल्ला आहे. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात राहून सुट्टीच्या दिवशी अँटिऑकला गळ टाकायला जाणाऱ्या मराठी घरांनीही तो पाळावा.

सोडायचा असेल तर मासा पाण्याबाहेर फार वेळ धरू नये. खालचा ओठ अंगठ्याने पकडावा, दुसरा हात पोटाखाली द्यावा. ओठ कानशीसारखा खरखरीत असतो, चावत नाही. कल्ल्याच्या झाकणाची कड मात्र धारदार, तिथे बोट कापते. मग तोंड प्रवाहाकडे करून धरावे आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत सोडू नये. उन्हाळ्यात पाणी तापलेले असते तेव्हा दमलेला मासा सोडूनही मरतो, म्हणून त्या दिवसांत त्याला फार खेळवू नये.

डेल्टाच्या दक्षिण टोकाला ट्रेसीजवळ प्रचंड पंप आहेत. अडीच कोटींहून अधिक लोकांना आणि मध्य खोऱ्यातल्या शेतीला पुरणाऱ्या पाण्यात इथल्या पाण्याचा वाटा आहे. पंप चालतात तेव्हा फाट्यांमधला प्रवाह समुद्राऐवजी त्यांच्याकडे वळतो आणि तरंगती अंडी, पिल्ले तिकडे खेचली जातात. 1986 मध्ये सापडलेल्या परक्या शिंपल्याने पिल्लांचे सूक्ष्म अन्न गाळून संपवले. 2000 नंतर पट्टेरी बासची पिल्ले, शॅड आणि डेल्टा स्मेल्ट हा स्थानिक छोटा मासा यांची संख्या एकदमच कोसळली. बास सॅमनची पिल्ले खातो, म्हणून त्याच्या मासेमारीवरची बंधने सैल करावीत, असा प्रस्ताव पुढे आला. 2012 मध्ये राज्याच्या मत्स्य आयोगाने तो फेटाळला. पंपांतून वाचलेली काही पिल्ले कालव्याने शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला ओ’नील फोरबे या साठवण तलावात पोचली आणि तिथेच वाढली. तिथून समुद्राकडे परतीची वाट नाही. कॅलिफोर्नियाचा विक्रमी पट्टेरी बास, 67 पौंड 8 औंस म्हणजे साडेतीस किलोंचा, 1992 मध्ये त्याच तलावात गळाला लागला.