छिन साम्राज्य: पंधरा वर्षांची सत्ता, दीडशे वर्षांची तयारी

इ.स.पू. 209चा पावसाळा. आजच्या चीनमधल्या आन्हुई प्रांतातल्या दाझेशियांग गावापाशी 900 माणसं चिखलात अडकून पडली होती. उत्तर सीमेवर युयांगला पहाऱ्यासाठी त्यांची रवानगी झाली होती, पण रस्ते पाण्याखाली गेले आणि नेमल्या तारखेला पोचण्याची आशा संपली. त्यांच्यातल्या चेन शेंग आणि वू ग्वांग यांनी साधा हिशेब मांडला. उशीर झाला तर मुंडकं उडणार, पळून गेलो तरी उडणार. मग बंड करून मेलेलं काय वाईट? ठिणगी पडली ती अशी. तीन वर्षांत छिन घराण्याचं राज्य संपलं.

ही हकिकत सिमा चिएन या इतिहासकाराने शंभरेक वर्षांनी लिहिली, तीही छिनच्या जागी आलेल्या हान घराण्याच्या दरबारात बसून. छिन म्हणजे जुलूम, पुस्तकांची होळी आणि शिरच्छेद हे चित्र मुख्यतः तिथून आलं. खोटं म्हणता येणार नाही, पण ते जिंकणाऱ्यांच्या वारसांनी रंगवलेलं आहे.

1975च्या अखेरीस हुबेई प्रांतात युनमेंगजवळ शुईहूदी इथे पाटाचं खोदकाम चाललं असताना जुन्या कबरी लागल्या. एका कबरीत ‘शी’ नावाचा छिनचा तालुका पातळीवरचा कारकून पुरला होता. त्याच्या डोक्याशी, पोटावर, पायाशी बांबूच्या पट्ट्या रचलेल्या होत्या, 1100हून जास्त, आणि बहुतेकींवर कायदेकानू. अख्खं दप्तर सोबत घेऊन गेलेला माणूस! त्या पट्ट्यांत सरकारी वेठीच्या कामाचा नियम सापडतो: तीन ते पाच दिवस उशीर झाला तर खरडपट्टी, सहा ते दहा दिवस झाला तर एका ढालीचा दंड, त्याहून जास्त झाला तर एका चिलखताचा. आणि पावसाने अडवलं, तर माफ.

आता हा नियम वेठीचा, दाझेशियांगची माणसं निघाली होती पहाऱ्याला. शिवाय शेवटच्या वर्षांत कायदे आणखी आवळले गेले असतील. म्हणून चेन शेंग खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पण उशीर झाला की मुंडकं, इतका सरळ तो मामला नव्हता, हे नक्की.

मग छिन नेमकं होतं काय? सुरुवात अगदी साधी. पश्चिमेला, वेई नदीच्या वरच्या खोऱ्यात झोऊ या तेव्हाच्या राजघराण्याचे घोडे पाळणारं एक घराणं. इ.स.पू. 771मध्ये झोऊंची राजधानी पडली, राजा पूर्वेला निघाला, आणि त्याला सोबत दिल्याबद्दल छिनच्या प्रमुखाला सरदारकी मिळाली. पूर्वेकडची राज्यं तरीही त्यांना अर्धरानटीच समजत.

खरं वळण आलं ते इ.स.पू. चौथ्या शतकात. शांग यांग नावाचा परका माणूस इ.स.पू. 361मध्ये छिनच्या राजाकडे नोकरी शोधत आला आणि पुढच्या वीस वर्षांत त्याने राज्याची घडीच बदलली. पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट पाडले. एकाने गुन्हा केला आणि बाकीच्यांनी दडवला, तर शिक्षा सगळ्यांना. जन्माने मिळणारे मानमरातब मोडले. शत्रूचं मुंडकं आणा, एक पायरी वर चढा, जमीन घ्या. अशा पुढे वीस पायऱ्या झाल्या. शेतकऱ्याच्या पोराला वर जायला वाट मिळाली, फक्त ती रणांगणातून जात होती.

शांघायच्या संग्रहालयात त्याच्या काळचं एक माप आहे. दांड्याची छोटी चौकोनी कांस्याची पेटी, चहाच्या मोठ्या कपाएवढी. जेमतेम 200 मिलिलिटर मावेल. इ.स.पू. 344मध्ये घडवलेली. एक ‘शेंग’ म्हणजे किती घन एकक, ते तिच्या अंगावर अपूर्णांकासकट कोरलंय. धान्यात सारा घेणाऱ्या राज्यात माप लबाड असेल तर सगळंच लबाड.

इ.स.पू. 338मध्ये आश्रयदाता राजा वारला आणि शांग यांगला पळावं लागलं. सिमा चिएन सांगतो, सीमेवरच्या धर्मशाळेत त्याने मुक्काम मागितला, तर मालक म्हणाला, शांगसाहेबांचा कायदा आहे, कागदाशिवाय कुणाला ठेवलं तर आम्हीच अडकू. गोष्ट इतकी चपखल आहे की रचलेली वाटते. शेवटी त्याचं प्रेत रथांना बांधून फाडलं. कायदे मात्र कुणी बदलले नाहीत.

त्या यंत्रावरच पुढची लढाई चालली. इ.स.पू. 260ला चांगपिंगला झाओ राज्याची चार लाख माणसं मारली, हा आकडा सिमा चिएनचा. इ.स.पू. 230 ते 221 या काळात हान (पुढच्या हान घराण्याहून वेगळं), झाओ, वेई, चू, यान आणि ची ही सहाही राज्यं एकामागून एक पडली. राजा यिंग झेंग ‘शी ह्वांगदी’, म्हणजे पहिला सम्राट झाला. मुलूख 36 प्रांतांत वाटला गेला. लिपी, नाणं, गाडीच्या चाकांमधलं अंतर, सगळं एका मापाचं झालं. ते कांस्याचं माप पुन्हा बाहेर निघालं आणि त्याच्या तळावर सम्राटाचं फर्मान कोरलं गेलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचं एका राज्याचं माप आता सगळ्या देशाचं.

आपला ‘चीन’ हा शब्दही याच छिनवरून आला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनभूमीतलं ‘चीनपट्ट’ हे रेशमी कापड येतं.

या विजयांची दुसरी बाजू शुईहूदीच्याच आणखी एका कबरीत सापडली: लाकडी फळ्यांवरची दोन घरची पत्रं. हेफू आणि जिंग हे भाऊ चू राज्याविरुद्धच्या मोहिमेवर होते. आईने पैसे आणि उन्हाळी कपडे पाठवावेत. घरी आनलूला कापड स्वस्त असेल तर शिवून पाठवावं, नाहीतर रोकड धाडावी, इथेच शिवून घेऊ. जिंगने दुसऱ्याचे पैसे खर्च करून टाकले होते. घरून आले नाहीत तर मेलोच, असं लिहून पुढे त्याने ‘तातडीचं’ हा शब्द तीनदा लिहिलाय. जग जिंकणारं सैन्य अंगावरच्या कपड्यासाठी आईच्या तोंडाकडे बघत होतं.

सम्राट इ.स.पू. 210मध्ये दौऱ्यावर असताना मेला. दरबारी झाओ गाओ आणि प्रधान ली सी यांनी मरण लपवलं. प्रेताचा वास झाकायला खारवलेल्या मासळीच्या गाड्या सोबत जोडल्या. थोरल्या राजपुत्राला खोट्या फर्मानाने आत्महत्या करायला लावली आणि धाकट्याला गादीवर बसवलं. पुढचं चेन शेंगपासून सुरू होतं.

इ.स.पू. 206मध्ये बंडखोर लिउ बांग, हान घराण्याचा पुढचा संस्थापक, राजधानी शियानयांगमध्ये शिरला. तो स्वतः छिनचाच एक किरकोळ अंमलदार. त्याचे सरदार सोन्यारेशमाच्या कोठारांकडे धावले. त्याचा साथीदार, जुना कारकून शिआओ ह मात्र प्रधानाच्या कचेरीत गेला आणि कायद्यांची दप्तरं, नकाशे, नोंदवह्या उचलून घेऊन आला. लिउ बांगने लोकांना वचन दिलं होतं की छिनचे कायदे रद्द, आता फक्त तीन कलमं. पण हान घराणं स्थिर झाल्यावर नवी संहिता लिहायला बसला तो शिआओ हच, आणि पुढ्यात होते छिनचेच कायदे. हुबेईतल्याच झांगजियाशान इथे इ.स.पू. 186च्या सुमाराच्या हान कायद्याच्या पट्ट्या निघाल्या. त्यांत पाच घरांचा गट आहे, पायऱ्यांची प्रतवारीही आहे.