ठिपका कोणाचा? ऑक्साइडवरच्या पाण्याच्या एका रेणूची पार्श्वभूमी

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक वाटते. तरी ४० अंशांना २० टक्के आर्द्रता धरली, तर बाष्पाचा दाब ११ टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) आसपास भरतो. त्या दाबाला आदळणारे सगळे रेणू चिकटले, तर पृष्ठभागावर सेकंदाला एकेका रेणूच्या जाडीचे सुमारे एक कोटी थर चढतील. सुटा रेणू पाहायचा, तर पहिली झुंज या बाष्पाशी.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर (आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगातला तोच) अतिनील प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. मग प्रश्न आला: प्रकाशाविना पाणी तिथे फुटतं का, आणि नेमकं कुठे? पृष्ठभाग तापवून सुटणारी वाफ मोजली, तर कोट्यवधी रेणूंची सरासरी मिळते; जागा कळत नाही.

१९८१ मध्ये बिनिग आणि रोहरर यांचा एसटीएम (बारीक सुई फिरवून अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक) आला, पण तो चालतो सुई आणि पृष्ठभाग यांच्यातल्या विजेच्या प्रवाहावर आणि शुद्ध रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिक प्रकार) तर विद्युतरोधक. उपाय असा: आर्गॉन आयनांचा मारा करून स्फटिक साफ करायचा, मग निर्वातात ६००–७०० अंशांवर तापवायचा. थोडा ऑक्सिजन निघून जातो, स्फटिक निळा पडतो, वीज वाहू लागते. याची किंमत म्हणजे पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनच्या ओळींत पडणाऱ्या रिकाम्या जागा.

हे सगळं ज्यात चालतं तो पोलादी निर्वात कक्षही १५० अंशांवर दिवसभर भाजावा लागतो, कारण पोलादावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरालाच पाणी चिकटलेलं असतं. इतकं करून दाब टॉरच्या एक हजार कोटीव्या भागावर आणला, तरी उरलेला वायू पावणेतीन तासांत एक थर चढवू शकतो.

एसटीएमच्या चित्रात चादरीच्या पट्ट्यांसारख्या ओळी दिसतात, ०.६५ नॅनोमीटर अंतराने. उंच असतो ऑक्सिजन, उजळ दिसतं टायटॅनियम. सुई उंची नव्हे, प्रवाह मोजते. खरा घोळ काळ्या, म्हणजे ऑक्सिजनच्या, ओळींवरच्या फिकट ठिपक्यांचा. रिकाम्या जागेत पाण्याचा रेणू शिरला की फुटतो: एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) तिथेच बसतो, सुटलेला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनवर दुसरा तयार करतो. रिकामी जागा आणि हायड्रॉक्सिल दोन्ही ठिपकेच. कक्षातल्या उरलेल्या पाण्याने जागा आधीच भरलेल्या असत, त्यामुळे २००१ च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी त्याच ठिपक्यांना वेगवेगळी नावं दिली. २००५-०६ मध्ये गुंता सुटला. जास्त उजळ ठिपका हायड्रॉक्सिलचा. सुईने सुमारे ३ व्होल्टचा झटका दिला की हायड्रॉक्सिलमधला हायड्रोजन उडतो; ठिपका रिकाम्या जागेचा असेल, तर तो मात्र तसाच राहतो.

ओळख पुढेही चुकलीच. पाण्यात बुडवलेल्या रुटाइलवर दिसणारी सुबक रचना पाण्याची असावी, असा एक समज होता. २०१८ मध्ये व्हिएन्नातल्या उलरिके डिबोल्ड यांच्या गटाने ती हवेतल्या लेशमात्र फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लांची असल्याचं दाखवलं. त्यासाठी त्यांनी निर्वातातच एका थंड टोकावर शुद्ध वाफ गोठवली आणि तो बर्फ वितळवून थेंब थेट स्फटिकावर पाडला. त्या थेंबानंतर सुबक रचना उमटलीच नाही.