बातम्या संपल्यावर येणारं भूत

अमेरिकेत स्थानिक टीव्हीवर रात्री उशिरा भयपट दाखवणाऱ्या 'हॉरर होस्ट' मंडळींच्या आठवणी ऐकल्या की एक गोष्ट लक्षात येते. त्यातला जवळजवळ कुणीच भूत व्हायला टीव्हीत आला नव्हता. कुणी हवामान सांगायचा, कुणी जाहिराती वाचायचा. रात्रीच्या बातम्या संपल्यावर वेळ मारून न्यायला कुणीतरी हवं होतं, म्हणून याच्या तोंडाला रंग फासला गेला.

ही गरज पडली कशी? संध्याकाळचे कार्यक्रम मोठ्या नेटवर्ककडून यायचे. बातम्यांनंतरचा वेळ मात्र ज्या त्या स्थानिक स्टेशनने भरायचा, तोही कमीत कमी खर्चात. १९५७ साली स्क्रीन जेम्स या कंपनीने युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने ५२ चित्रपट 'शॉक' नावाच्या एकाच गठ्ठ्यात स्टेशनांना भाड्याने दिले. १९३१चे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' त्यातच होते. बाकी बरेचसे यथातथाच. त्यामुळे मधे बोलायला एखादं पात्र ठेवा, असं कंपनीनेच सुचवलं. ऑक्टोबरपासून गावोगावच्या स्टुडिओंत शवपेट्या दिसू लागल्या.

खरं तर त्याआधीच, १९५४ साली, लॉस एंजेलिसच्या केएबीसी या स्टेशनवर मायला नुर्मी 'व्हँपायरा' होऊन आली होती. चार्ल्स ॲडम्सच्या व्यंगचित्रातल्या बाईसारखा वेश करून ती एका फॅन्सी ड्रेस पार्टीला गेली होती. तिथे एका निर्मात्याने तिला हेरलं. धुक्याने भरलेल्या बोळातून ती कॅमेऱ्यापर्यंत चालत यायची, जिवाच्या आकांताने किंकाळी फोडायची आणि मग शांतपणे सिनेमाबद्दल बोलायला लागायची. जेमतेम वर्षभरात कार्यक्रम बंद झाला. पण पुढच्या सगळ्यांना वाट तिनेच दाखवली.

'शॉक'च्या लाटेत सगळ्यात गाजला फिलाडेल्फियाचा जॉन झॅकर्ली. १९५८ साली तो न्यूयॉर्कला गेला, तोवर त्याचं गाणंही विक्रीत पहिल्या दहांत पोहोचलं होतं. मेंदू म्हणून तो फ्लॉवरचा गड्डा कापायचा. त्याची खरी करामत वेगळीच होती: पडद्यावरचा डॉक्टर शस्त्रक्रियेला वाकला की मधेच एक तुकडा झॅकर्लीचा यायचा, जणू तोही त्याच खोलीत उभा आहे. सिनेमात असं घुसणं तेव्हा प्रेक्षकांना अगदी नवं होतं.

क्लीव्हलँडच्या अर्नी अँडरसनने तर ताळतंत्रच सोडलं. १९६३च्या जानेवारीत तिथल्या डब्ल्यूजेडब्ल्यू या स्टेशनवर तो 'गूलार्डी' म्हणून आला. खोटी दाढी, विस्कटलेला टोप, प्रयोगशाळेतला पांढरा कोट. लावलेला सिनेमा किती भिकार आहे हे तो सरळ सांगायचा. मुलांनी पाठवलेली खेळण्यातली मोटार सुतळी बॉम्बसारख्या फटाक्याने कॅमेऱ्यासमोर उडवायचा. पार्मा या उपनगरातल्या लोकांच्या पांढऱ्या मोज्यांची आणि पोल्का संगीताची टर तर कायमचीच. साहेब लोक वैतागायचे, पण लोक बघत होते, मग करणार काय? १९६६ साली तो लॉस एंजेलिसला गेला आणि एबीसी नेटवर्कचा आवाज बनला. दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन हा त्याचाच मुलगा.

पिट्सबर्गचा बिल कार्डिल वेगळ्या जातीचा. वेश नाही, रंग नाही; घरातला काका बोलावा तसा बोलायचा आणि तसाच वीस वर्षं टिकला. १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या भयपटात टीव्हीचा बातमीदार दिसतो, तो हाच.

या माणसांच्या आठवणींना एवढं मोल का, याचं उत्तर साधं आहे: बाकी फारसं काही उरलंच नाही. पुष्कळ भाग थेट प्रक्षेपित व्हायचे. व्हिडिओटेप महाग, म्हणून तीच पुसून पुन्हा वापरली जायची. स्टेशनच्या दृष्टीने जपायची वस्तू सिनेमा होती, मधली बडबड नव्हे. व्हँपायराचा एकही अख्खा भाग आज उपलब्ध नाही. म्हणून त्या वेळी चोरून जागणारी मुलं आणि म्हातारे झालेले होस्ट यांच्या बोलण्यावरच हा इतिहास बराचसा उभा आहे. त्यात थोडं तिखटमीठ असणार, हे धरूनच चालावं.

ऱ्हासाला एकच कारण नव्हतं. १९७५ साली शनिवारी रात्री 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा विनोदी कार्यक्रम आला. पाठोपाठ केबल आणि व्हीसीआर आले. १९८४मध्ये सरकारने जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा उठवली आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिरातींसाठी हीच वेळ विकत घेतली जाऊ लागली. फुकट्या वेळेला भाव आल्यावर भुताला कोण विचारतो! तरी १९८१मध्ये कॅसँड्रा पीटरसनची 'एल्व्हायरा' लॉस एंजेलिसहून निघून देशभर पोहोचलीच.

आपल्याकडे १९९३ साली रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' आला, पण सिनेमाच्या मधे येऊन त्याचीच थट्टा करणारा माणूस काही आपल्या वाट्याला आला नाही.

शिकागोत मात्र ही गादी अजून चालू आहे. १९७०मध्ये जेरी बिशपने 'स्वेनगूली' सुरू केला, तेव्हा रिच कोझ नावाचा एक विद्यार्थी त्याला विनोद लिहून पाठवायचा. १९७९ साली तोच 'स्वेनगूलीचा मुलगा' म्हणून पडद्यावर आला. पुढे 'मुलगा' हा शब्द गळला. विनोद पडला की त्याच्यावर रबरी कोंबड्यांचा मारा होतो, आणि विनोद बहुतेक पडतातच.