मोबाइल गेमची पायरसी

मोबाइल फोनवर खेळायच्या गेमची प्रत निर्मात्याच्या परवानगीशिवाय उतरवणे, तिच्यातील परवाना-तपासणी काढून टाकणे आणि ती आंतरजालावरून वाटणे, या व्यवहाराला ही संज्ञा लावतात. विकत घ्यायचा गेम फुकट मिळवणे हा तिचा मूळ प्रकार. गेम फुकट, पण आतली नाणी, हत्यारे, पातळ्या विकत, अशी विक्रीपद्धत रूढ झाल्यावर ‘मॉड’ म्हणजे आत फेरफार केलेल्या प्रतींचा दुसरा प्रकार फोफावला. अशी प्रत न केलेली खरेदी झाल्याचे भासवते किंवा अमर्याद नाणी देते. दुसऱ्याच्या गेमची कल्पना उचलून केलेली नक्कल (क्लोन) काही लेखक याच सदरात घालतात. फेब्रुवारी २०१४ मधील ‘थ्रीज’ आणि पाठोपाठ मार्चमध्ये पसरलेला ‘२०४८’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. मात्र तिथे आज्ञावलीची प्रत झालेली नसते आणि प्रताधिकार कायदा कल्पनेला नव्हे, तिच्या अभिव्यक्तीला संरक्षण देतो; म्हणून नकलेचा विचार वेगळा करणे इष्ट.

या व्यवहाराचा आरंभ कुठे धरावा याबाबत मतभेद आहेत. अनेकदा २००८ हे वर्ष दिले जाते, कारण त्या वर्षी जुलैमध्ये ॲपलचे ॲप स्टोअर आणि ऑक्टोबरमध्ये गूगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले. परंतु नोकियाचा एन-गेज हा खास गेमसाठीचा फोन ऑक्टोबर २००३ मध्ये बाजारात आला, आणि थोड्याच आठवड्यांत त्याच्या कार्डांवरील गेम फोडून सिंबियन प्रणालीच्या इतर फोनांवर चालवले जाऊ लागले. कुलूप फोडणे आणि फोडलेली प्रत आंतरजालावर ठेवणे ही दोन्ही लक्षणे तिथे आढळत असल्याने आरंभ तिथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याच सुमारास प्रचारात असलेल्या जावा गेमची कथा निराळी आहे. त्यांची ‘जार’ फाइल ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर जाई. ती पुढे पाठवता येऊ नये म्हणून ‘फॉरवर्ड लॉक’ची सोय होती, पण कुलूप नसलेल्या फायलीच मुबलक फिरत. भारतात मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड देऊन गाणी, व्हिडिओ आणि गेम ‘भरून घेणे’ हा नित्याचा व्यवहार होता. देणारा वा घेणारा त्याला चोरी समजत नसे.

अँड्रॉइडवर गेम जिच्यातून बसवला जातो ती ‘एपीके’ ही मुळात झिप पद्धतीने बांधलेली फाइल असते. तिच्यात डेक्स या यंत्राला कळणाऱ्या स्वरूपातील आज्ञावली, चित्रे, ध्वनी, मॅनिफेस्ट (गेमची माहिती देणारी फाइल) आणि निर्मात्याची अंकीय सही असते. फोडणारा ती सुटी करतो, आज्ञावली ‘स्माली’ या वाचता येण्याजोग्या रूपात आणतो आणि परवाना तपासणारी जागा शोधतो. ही तपासणी पुष्कळदा एकाच अटीवर उभी असते : उत्तर होकारार्थी आले तर गेम सुरू, नकारार्थी आले तर खरेदीचे पान. ती अटच निकामी केली की दोन्ही उत्तरांना गेम सुरू होतो. फाइल पुन्हा बांधताना मूळ सही मोडते, म्हणून फोडणारा स्वतःच्या किल्लीने नवी सही करतो. अँड्रॉइडची मूळ रचना सही मागते. ती कोणाची, हे पाहत नाही. मूळ गेम फोनवर असेल तर मात्र सह्या जुळत नाहीत आणि ही प्रत त्यावर अपडेट म्हणून बसत नाही. आधी मूळ गेम काढावा लागतो. ॲपलच्या फोनवर ‘फेअरप्ले’ या कूटबंधामुळे, म्हणजे सांकेतिक कुलपामुळे, फाइल थेट वाचता येत नाही. तरीही गेम चालायचा तर तो फोनच्या स्मृतीत उलगडावाच लागतो. त्या क्षणी स्मृतीतून प्रत उतरवतात आणि फाइल कूटबद्ध आहे की नाही हे सांगणारा ‘क्रिप्ट-आयडी’ हा खुणेचा आकडा १ चा ० करतात. २००९ मधील ‘क्रॅक्युलस’ या साधनाने हे काम आपोआप होऊ लागले, अशा प्रती वाटणारे ‘इन्स्टॉलस’ हे ॲप २०१२ च्या अखेरीस बंद झाले.

गूगलने जुलै २०१० मध्ये जाहीर केलेली परवाना-तपासणीची सोय ऑगस्टमध्येच निष्प्रभ करून दाखवली गेली. जुलै २०१२ मध्ये एका रशियन प्रोग्रॅमरने ॲपलच्या गेममधील अंतर्गत खरेदी पैसे न देता करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पुढे कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मिळणारी ॲपलची प्रमाणपत्रे वापरून ‘टुटूॲप’, ‘पांडा हेल्पर’ यांसारखी दुकाने मॉड प्रती वाटत असल्याचे २०१९ च्या आरंभी उघडकीस आले. गेमच्या पावतीची पडताळणी निर्मात्याच्या सर्व्हरवर करणे हाच त्यातल्या त्यात टिकाऊ उपाय ठरला. त्यासाठी सर्व्हर कायम चालू ठेवावा लागतो, आणि तो खर्च लहान निर्मात्याला झेपतोच असे नाही.

निर्मात्यांच्या नुकसानीचे मोजमाप हा वादाचा विषय आहे. ‘फुटबॉल मॅनेजर हँडहेल्ड’च्या अँड्रॉइड आवृत्तीत विकलेल्या एका प्रतीमागे नऊ चोरीच्या प्रती असल्याचे तो गेम करणाऱ्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हचे माइल्स जेकबसन यांनी २०१२ मध्ये सांगितले. ‘मॉन्युमेंट व्हॅली’चे निर्माते अस्टू यांनी जानेवारी २०१५ मध्ये अँड्रॉइडवरील केवळ ५ टक्के आणि ॲपलच्या आयओएस प्रणालीवरील ४० टक्के प्रती पैसे भरून घेतलेल्या असल्याचे जाहीर केले, त्याचबरोबर, एकाच ग्राहकाने अनेक उपकरणांवर घेतलेल्या प्रतीही उरलेल्यांत असू शकतात, असा खुलासाही केला. हे आकडे उद्धृत करताना तो खुलासा बहुधा गाळला जातो. चोरीची प्रत म्हणजे बुडालेली विक्री, हे समीकरण अर्थशास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. युरोपीय आयोगाने करवून घेतलेल्या आणि २०१७ मध्ये उजेडात आलेल्या अभ्यासात नव्या गाजलेल्या चित्रपटांचा अपवाद वगळता विक्री घटल्याचा ठोस सांख्यिकीय पुरावा मिळाला नाही. याउलट संगणकावरील गेमविषयीच्या २०२४ च्या एका अभ्यासात, संरक्षण पहिल्याच आठवड्यात फुटल्यास उत्पन्न सरासरी २० टक्के घटते असे अनुमान निघाले. मोबाइल गेमला यांतील कोणताही निष्कर्ष जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल.

विक्रीच्या आकड्यांपेक्षा निर्मात्यांनी बदललेले मार्ग अधिक बोलके आहेत. चेक प्रजासत्ताकातील मॅडफिंगर गेम्सने जुलै २०१२ मध्ये ‘डेड ट्रिगर’ची ०.९९ डॉलर ही किंमतदेखील चोरीमुळे रद्द करून अँड्रॉइडवर तो फुकट केला. स्कॉटलंडच्या हंटेड काऊ स्टुडिओजला ‘बॅटल डंजन’ मागे घ्यावा लागला, कारण पैसे न भरलेल्या खेळाडूंच्या गर्दीपुढे त्यांचे सर्व्हर टिकेनात. आयओएसवर विकत मिळणारा ‘आल्टोज ॲडव्हेंचर’ २०१६ मध्ये अँड्रॉइडवर फुकट आला. निन्टेन्डोने ‘सुपर मारिओ रन’ (डिसेंबर २०१६) सतत इंटरनेट जोडलेले असल्यावाचून चालणार नाही असा ठेवला, आणि मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी त्याचे कारण चोरीपासून संरक्षण हेच दिले. म्हणजे रेल्वेच्या बोगद्यात रेंज गेली की पैसे मोजलेल्याचाही गेम थांबणार. एकदाच किंमत घेऊन पुरा गेम हाती देण्याची पद्धत या काळात मागे पडली. जाहिराती आणि अंतर्गत खरेदीचा वाढता नफा हे त्याचे मोठे कारण असले, तरी पायरसीचा वाटा नाकारता येत नाही. एक-दोन माणसांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या, शेवट असलेल्या, कथाप्रधान गेमला याची झळ सर्वांत जास्त बसली. हे नुकसान कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही.

खेळणाऱ्यालाही धोका असतोच. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ अनेक देशांत अधिकृतपणे आला नव्हता तेव्हा त्याच्या बाहेरून फिरणाऱ्या एका एपीकेत ‘ड्रॉइडजॅक’ हे फोनचा ताबा घेणारे साधन आढळले. भारतात तो गेम डिसेंबरमध्ये आला. तोवर येथील खेळाडूही अशाच बाहेरच्या फायलींवर विसंबून होते.

अमेरिकेच्या न्यायखात्याने ऑगस्ट २०१२ मध्ये ॲपलॅनेट, ॲपबकेट आणि स्नॅपझमार्केट या तीन संकेतस्थळांची नावे जप्त केली. २०१४ मध्ये ॲपबकेट प्रकरणात आरोपींनी गुन्हा कबूल केला. मॉड प्रती विकणाऱ्या ग्लोबल++ या गटाविरुद्ध ‘पोकेमॉन गो’ची निर्माती कंपनी नायँटिकने २०१९ मध्ये दावा लावला व २०२१ मध्ये ५० लाख डॉलरवर तो मिटला. भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार संगणक आज्ञावली ही साहित्यकृती ठरते. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ बी खाली किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. नफ्यासाठी वापर नसल्यास न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. कुलूप फोडण्याबद्दल २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६५ ए मध्ये २ वर्षांपर्यंत कैद आहे.